टेंबेकाकांची राखीव जागा

टेंबेकाकांकडे मोटार नाही, स्कूटर नाही, सायकलसुद्धा नाही; आणि अख्ख्या बिबवेवाडीत सगळ्यात कडेकोट राखलेलं पार्किंग त्यांचंच आहे.

फाटकासमोर एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची. तिच्या डावीकडे सिमेंट भरलेला रंगाचा डबा, त्यात उभा लोखंडी पाइप. उजवीकडे तसाच दुसरा. मधल्या जागेत वारासुद्धा परवानगी काढून येतो. एकदा एक कावळा उतरला, तर काकांनी त्याला किती वेळ थांबणार ते विचारलं. कावळा उडाला तो थेट कात्रजला. पितृपक्षातही फिरकला नाही. आमच्या गल्लीचे पूर्वज तेव्हापासून उपाशी आहेत.

त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. काका स्वतःही बसत नाहीत. "खुर्ची बसायला नाही, जागा धरायला आहे," असं त्यांचं म्हणणं. कुणी गाडीचं नुसतं नाक त्या बाजूला वळवलं की आतून आवाज येतो, "आपण कोण? आणि का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना देता येतं. दुसऱ्यापाशी भले भले रिव्हर्स टाकतात. गॅसवाला तर हल्ली टेम्पो चौकातच लावतो आणि सिलिंडर खांद्यावरून आणतो. म्हणतो, "साहेब, सिलिंडर परवडला. तो दुसरा प्रश्न फार जड जातो."

गल्लीबद्दल सांगायला हवं. ती इतकी अरुंद आहे की फोडणी आमच्याकडे पडते आणि ठसका समोरच्या जगतापांना लागतो. सकाळी मी आळस दिला की माझे हात त्यांच्या खिडकीत जातात. एकदा त्यांनी हातात चहाचा कप ठेवला होता. अशा गल्लीत एका मोटारीची जागा रिकामी ठेवायची म्हणजे भुकेल्यांच्या पंगतीत एक वाढलेलं ताट झाकून ठेवण्यासारखं.

जगताप इथले मूळचे. त्यांच्या शेतावरच आमची गल्ली उगवली. घरात दोन गाड्या. "आमच्याच वावरात आमालाच गाडी लावाया जागा न्हाय," असं ते रोज सकाळी काकांना ऐकू जाईल अशा बेताने आकाशाला सांगत. काका आकाशालाच उत्तर देत, "वावर विकलंत तेव्हा आम्हाला विचारलं नव्हतंत."

जागा कुणासाठी आहे, हे गल्लीला ठाऊक होतं. काकांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर. आणि गल्लीची रुंदी वर सांगितलीच आहे. काकू गेल्या, त्यानंतर मुलगा मिलिंद बिऱ्हाड घेऊन हिंजवडीला गेला. पहिल्याच दिवाळीला त्याचा फोन आला, "बाबा, यायचं होतं हो, पण तुमच्याकडे पार्किंगच नसतं." दुसऱ्या दिवशी काकांनी खुर्ची मांडली आणि फोन केला, "अरे, आहे जागा! मी धरून ठेवलीय!" मिलिंदची पंचाईत झाली. बिचाऱ्याला तेव्हापासून नवी नवी कारणं शोधावी लागली. ट्रॅफिक. मुलीचा क्लास. बायकोची कंबर. कंबर बरी झाल्यावर पुन्हा ट्रॅफिक.

दर रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून बादलीने ती जागा धुतात. शहरात पाण्याची बोंब असताना रस्त्याचा तो तुकडा अभ्यंगस्नान करतो. मग काका फाटकाला टेकून उभे. येणारा-जाणारा विचारतो, "काय काका, पाहुणे पोचले का?" यात मीही आलो. माझीही गाडी आहे, आणि ती मला इतक्या लांब लावावी लागते की तिथली मराठी वेगळी लागते.

असं चाललं असताना आमच्या गल्लीचा कायापालट करायचं वरून ठरलं. एक तरुण आर्किटेक्ट मुलगी आली. दत्तमंदिराच्या मंडपात तिने दोन मोठे नकाशे टांगले आणि म्हणाली, "हे दोन ऑप्शन्स आहेत. पहिल्यात वन-वे आणि एका बाजूला पार्किंग. जो आधी येईल त्याची जागा. दुसऱ्यात पार्किंग अजिबात नाही. दोन्हीकडे फुटपाथ, झाडं, बसायला बाक. तुम्ही ठरवा."

'तुम्ही ठरवा' हे पुण्यात कुणी म्हणू नये.

"झाडं लावा, पण पानं न गळणारी!"

"फुटपाथ करा, पण आमच्या फाटकापासून पुढे!"

"बाकावर बसणार कोण?"

"म्हातारे."

"का? त्यांना घरं नाहीत?"

"घरं आहेत हो. घरात जागा नाही."

शेवटी हात वर करायचं ठरलं. पोरीने मोजले, दोन्हीकडे सारखे. पुन्हा मोजले, पुन्हा सारखेच. एकच हात खाली होता, टेंबेकाकांचा.

आम्ही गाडीवाले निर्धास्त झालो. पार्किंगसाठी कावळ्याशी वैर घेतलेला माणूस दुसरीकडे जातोय कुठे? जगतापांनी तर काकांच्या पाठीवर थाप मारली, "काका, पयल्यांदाच आपलं जमतंय बगा!"

काका उठले, दुसऱ्या नकाशापाशी गेले आणि आपल्या फाटकावर बोट ठेवलं.

"इथे गाडी लावता येईल?"

"नाही काका."

"सणावाराला?"

"नाही."

"बाहेरगावहून कुणी आलं तर?"

"काका, कुणालाच नाही. कधीच नाही."

"नक्की ना?"

"नक्की."

काकांनी हात वर केला.

मंडपात असा आरडाओरडा झाला की आतल्या दत्तमहाराजांनी साही हात कानांवर ठेवले असतील. जगताप ओरडले, "आवो, मग इतकी वर्सं राखली कशापायी?"

"राखून पाहिली," काका म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

घरी जाताना मी त्यांना गाठलं. "काका, हे काय केलंत?"

ते थांबले. "मुलगा येत नाही, हे कुणाला दिसत नाही. रिकामी जागा मात्र सगळ्यांना दिसते. आपण दर रविवारी विचारता ना, पाहुणे पोचले का? आता विचारा. मी सांगेन, येणार कसे? गाडी लावायला जागा नाही." आणि चालू लागले.

संध्याकाळी स्पीकर सुरू झाला.

"मिलिंद, अरे, आता येऊ नकोस हं. इथलं पार्किंगच काढून टाकतायत."

"अरेरे! हो का बाबा?" इतक्या मोकळ्या मनाने हळहळणारा माणूस मी आजवर ऐकलेला नाही. "आणि मी या रविवारी येणारच होतो."

"माहितीय रे. मी पुष्कळ भांडलो. पण सगळी गल्ली एकीकडे."

समोर जगतापांची खिडकी धाडकन उघडली. मी म्हटलं, झालं! दोन गाड्यांची जागा गेलेला माणूस हा. आता सगळं बाहेर काढणार. जगतापांनी छातीभर श्वास घेतला आणि हिंजवडीपर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडले,

"ओ टेंबेकाका! कितीबी भांडा! आता पार्किंग न्हाय म्हंजे न्हाय!"

"ऐकलंस ना?" काका फोनला म्हणाले. "अशी माणसं आहेत इथे."

फोन बंद झाला. काका फाटकाबाहेर आले. मान वर करून त्यांनी जगतापांच्या खिडकीकडे पाहिलं.

"आपण कोण?" ते म्हणाले.

दुसरा प्रश्न आला नाही. ते वळले, दोन पाइपांच्या मध्ये गेले आणि त्या लाल खुर्चीवर बसले.