दाराबाहेरच्या चपला

आमच्या बिल्डिंगमधले चुरी सर माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. ते बघतात दाराबाहेरच्या चपलांकडे. रोज संध्याकाळी कॉलेजातून आले की लिफ्टने सगळ्यात वर जातात आणि जिन्याने एकेक मजला उतरत येतात. प्रत्येक दारापाशी थांबतात, वाकतात, हनुवटी खाजवतात, मग पुढचं दार.

आम्ही जळगावहून बोईसरला नवीन आलो तेव्हा मला वाटलं, हा चोरच. इस्त्रीच्या शर्टातला चोर! वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, "अरे भाभी, प्रोफेसर साहब हैं. चप्पल देखते हैं, ले नहीं जाते." म्हणजे न्यायचंच काय ते बाकी होतं.

पुढे माझी गौरी पालघरला कॉलेजात गेली. समाजशास्त्र घेतलं आणि शिकवायला नेमके हेच. पहिल्या दिवशी घरी आल्यावर विचारलं, "काय शिकवलं गं?" तर म्हणे, "चपला." तिच्या बाबांनी डोक्याला हात लावला. ते तारापूरच्या कारखान्यात. त्यांच्या लेखी, ज्याने कंपनीत चिकटता येतं तेच शिक्षण. तसं बघितलं तर अख्ख्या गावाच्या लेखी तेच. म्हणून तर सरांच्या वर्गात बाकं जास्त आणि मुलं कमी.

पण खरं सांगते, हळूहळू मलाच त्याची गोडी लागली. चौथ्या मजल्यावर एका दाराबाहेर सगळे एकसारखे सेफ्टी शूज. सर म्हणाले, "पोरांची खोली हाय, वैनी. पाळी बदलली की पाय बदलतात, बूट तेच. याला आमी परात्मता म्हणतो. माणूस कंपनीचा झाला, स्वतःचा नाय राह्यला." पाचव्या मजल्यावर सुनेच्या चपला सासूच्या चपलांपासून फटकून, पार कुंडीच्या पलीकडे. "संयुक्त कुटुंब हाय. पण फार दिवस नाय." आणि दिवाळीच्या आतच सुनेच्या सामानाचा टेम्पो खाली उभा राहिला की हो! एकदा तर माझ्याच दारात उभे राहून म्हणाले, "तुमच्या मिस्टरांची चप्पल उलटी पडलीय. कामावर कोणाशी वाजलं काय?" मला इतका राग आला म्हणून सांगू. वाजलं होतंच, पण ते यांनी सांगायचं?

पुस्तकातले शब्द ते भाजीत मीठ घालावं तसे बोलण्यात घालायचे. दूधवाल्याशी भांडता भांडता मध्येच थांबून सांगायचे, "हे बघ, आता मी गिऱ्हाइकाच्या भूमिकेत हाय, वाईट वाटून घेऊ नको." आणि एक प्रश्न तर ठरलेला. गॅसवाला असो, वॉचमन असो, पार्सल घेऊन आलेला पोरगा असो. "समूह व्हायला किती माणसं लागतात?" समोरचा गोंधळला की स्वतःच उत्तर द्यायचे, "किमान दोन. एकटा माणूस कितीबी मोठा असू दे, तो समूह नाय."

आणि खिचडी! ती तर सांगायलाच हवी. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारीपाजारी जेवण आणून देतात, ही रीत आपल्याकडे सगळीकडेच आहे. पण आमची बिल्डिंग म्हणजे कोणी साताऱ्याचं, कोणी ओडिशाचं, कोणी गोरखपूरचं. ती रीत पाळायला पुढे कोण होणार? माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा सगळे दुःखी चेहरे करून आले आणि गेले. दुपारी बेल वाजली. दारात चुरी सर, हातात खिचडीचा हा एवढा टोप. म्हणाले, "मीठ कमी असंल, पण खावा." कमी होतं आणि डाळ कच्ची होती. गौरी रडत रडत दोनदा मागून जेवली.

चपलांवरून त्यांना मयतसुद्धा कळायचं. पुष्कळ चपला आणि आत आवाज नाही, म्हणजे कोणीतरी गेलं. एकदा सहाव्या मजल्यावर अशाच चपलांचा ढीग पडलेला आणि आत चिडीचूप. सर धावत खाली गेले, खिचडी टाकली, टोप घेऊन वर गेले. खाली मान घालून आत शिरले आणि कोपऱ्यात बसून डोळे पुसायला लागले. तिथे निघाली साबण-पावडर विकायची मीटिंग! सुटाबुटातला माणूस पडद्यावर चित्रं दाखवत होता म्हणून सगळे गप्प. तो यांना म्हणाला, "काका, एवढे भावुक होऊ नका, तुमचंही आयुष्य बदलेल." सर दोन डबे पावडर घेऊन घरी आले. बिल्डिंग आठवडाभर हसत होती. मीसुद्धा हसले.

मग एक दिवस गौरी घरी आल्या आल्या सांगायला लागली. सरांनी वर्गात 'शहरी शेजार' शिकवला होता. "एक केस सांगतो," म्हणाले. "एका कॉलनीत एक बाई वारली. तिचं माहेर नवापूरचं, मच्छीमारांतलं. सासर घिवलीचं, बागायती वाडीवाल्यांचं. घरच्यांनी लग्न मानलं नाय. मासळीवालीची पोर घरात नको म्हणून सासर तुटलं, मुलगी हट्टानं गेली म्हणून माहेर तुटलं. ती वारली त्या दिवशी दाराबाहेर चपला किती? एक जोड. नवऱ्याची." मुलांनी लिहून घेतलं. मागून कोणीतरी विचारलं, "सर, हे परीक्षेला येतं का?" सर म्हणाले, "हो. सगळ्यांना येतं."

आम्ही इथे यायच्या आधीची गोष्ट ही, सरांच्याच बायकोची. घिवली आणि नवापूर, मध्ये रिक्षाने जाण्याइतकंच अंतर. पण ते अंतर सरांच्या आईला जन्मात पार करता आलं नाही. सर मात्र आशा धरून होते. जिन्यात भेटले की म्हणायचे, "आई थकलीय आता. म्हातारपणी नियम सैल होतात, वैनी. पुस्तकात हाय तसं. बोलवंल ती." दर सणाला म्हणायचे. या गौरीगणपतीलाही म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत घिवलीची मुलं कॉलेजला आली नाहीत. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा सरांनी विचारलं, काल कुठे होता रे? एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या आळीतली चुरींची म्हातारी गेली." तिला बिचारीला काय माहीत! सरांनी फळ्यावर 'कुटुंबाची कार्ये' लिहायला घेतलं होतं. ते पुसलं. कोरा फळासुद्धा पुन्हा पुन्हा पुसत राहिले, गौरी म्हणाली. मग तास सोडून दिला.

गौरीकडून हे ऐकलं तशी मी धावत समोर सरांच्या दारी गेले. सर स्वयंपाकघरात डाळ-तांदूळ धूत होते. मी म्हटलं, "सर, अहो सुतक तुम्हालाच आहे! चूल तुमचीच पेटवायची नाही. आज तुम्हाला आम्ही जेवण द्यायचं."

"सुतक घरच्यांना असतं, वैनी. मला घरचा कोण म्हणतो? कळवलं तरी का कोणी?" हात थांबले नाहीत. "मुलाचा दर्जा काढून घेतला त्यांनी. शेजाऱ्याची भूमिका कोण काढून घेणार? शेजारी म्हणून तर जाऊ शकतो ना?"

मी पदर खोचला आणि फोडणी मीच दिली. निदान डाळ तरी शिजू दे म्हटलं.

रिक्षाने घिवलीला गेलो. टोप सरांनी मांडीवर घेतला होता, चटके बसत होते तरी खाली ठेवेनात. घर वाडीत, पुढे मोठी पडवी, आणि पडवीखाली चपलाच चपला. सर त्यांच्यासमोर उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांना कुठली चप्पल कोणाची ते सांगता येत नव्हतं. गौरीच्याच वयाचा एक मुलगा बाहेर आला. "कोन पायजे?" सरांचा सख्खा पुतण्या, नाकावरूनच कळत होतं. सर म्हणाले, "बोईसरवरनं आलोय. जेवण आणलंय."

मुलाने टोप आत नेला. मग दारात सरांचे थोरले भाऊ आले. बघितलं. ओळखलं, देवाशपथ ओळखलं! माझी खात्री आहे. मला वाटलं आता खाली उतरतील, गळ्यात पडतील. ते मुलाला म्हणाले, "भांडं रिकामं करून दे त्यांना. लांब जायचंय त्यांना." आणि आत वळले.

त्यांना! सख्ख्या भावाला! माझ्या तोंडात शिवी आली होती, मयताचं घर म्हणून गिळली. टोप घासून-पुसून परत आला. सरांनी पायातली चप्पल काढलीच नव्हती.

परतीच्या रिक्षात म्हणाले, "चपला पुष्कळ होत्या, वैनी. आईला मान होता गावात." त्यात कौतुक होतं हो! मला रडू आवरेना. थोड्या वेळाने म्हणाले, "तिची तेवढी दिसली नाय. आत ठेवली असंल."

घरी आल्यावर मी पिठलं-भाकरी केली. मजल्यामजल्यावर जाऊन सांगितलं, सरांची आई गेली. "अरेरे," म्हणाले सगळे. कोणाची कारखान्यात रात्रपाळी होती, कोणाच्या मुलाची परीक्षा होती. सहाव्या मजल्यावरची बाई म्हणाली, "नक्की गेली ना? की पुन्हा मीटिंग आहे?" गौरी आणि तिचे बाबा तेवढे येऊन, सरांना नमस्कार करून गेले. मग ताट घेऊन मी एकटीच सरांसमोर बसले. चार घास खाल्ले त्यांनी.

मी उठले तेव्हा ते दारापर्यंत आले. सवयीने खाली बघितलं. त्यांची चप्पल आणि शेजारी माझी.

"दोन," म्हणाले. "समूह झाला."

मी चप्पल घालायला पाय पुढे केला, तर एकदम लहान मुलासारखे म्हणाले, "वैनी, असू द्या ना इथंच. सकाळी न्या."

बिल्डिंग काय बोलेल, माझ्या मनात आलंच. बोलू दे मेली. मी अनवाणी माझ्या घरी गेले.