मार्डेलबाईंचा फुकट सल्लागार

"पैसे मोजून सल्ला घेणारे ते मूर्ख!" मार्डेल हाउगनने बहिणीला फोनवर ठणकावलं. "हॅडलीच्या लायब्ररीत दर गुरुवारी निवृत्त व्यापारी येऊन बसतात. नव्या धंदेवाल्यांना सगळं शिकवतात. एक छदाम घेत नाहीत! बर्फ वितळायच्या आत मेन स्ट्रीटवर माझं सूपचं दुकान उभं नाही राहिलं, तर नाव बदलून ठेव माझं!"

"बघ बाई," बहीण म्हणाली. मिनेसोटात 'बघ बाई'च्या पुढे कुणी जात नाही. विरोध करायचा म्हणजे फारच झालं!

आता मार्डेलची घाई का, तेही ऐका. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभं आयुष्य मोठाली पातेली ढवळण्यात घालवलं. मग एके दिवशी शाळेने ठरवलं, जेवण शहरातून ट्रकने येणार, डब्यात बंद, चवीलाही बंद! मार्डेल घरी बसली. नवरा देवाघरी, मुलगा अलास्कात, आणि करता येतं काय, तर सूप. जंगली तांदळाचं सूप असं करायची, की शाळेचा मुख्याध्यापक मुलांच्या रांगेत उभा राहायचा. हॅडलीच्या कोपऱ्यावर जुनं चपलांचं दुकान रिकामं होतं. गॅस होता, मोरी होती, भाडं आवाक्यातलं होतं. आख्ख्या तालुक्यात तिला परवडेल अशी तेवढी एकच जागा! मालक कुणी टोस्ट्रुड. त्याला तिने पाहिलेलं नव्हतं, कारण ती राहायची लांब शेतावर आणि फोन नेहमी त्याची बायको व्हर्नाच उचलायची.

पहिल्या गुरुवारी मार्डेल दालचिनीचे रोल घेऊन लायब्ररीत गेली. 'धंद्याचा सल्ला, मोफत' अशी पाटी असलेल्या टेबलाशी एक उंच, लांब कानांचा म्हातारा बसला होता. समोर वर्तमानपत्र, पाय हीटरला टेकवलेले.

"मी मार्डेल. दहाची वेळ घेतली होती," असं म्हणून तिने रोल पुढे सरकवले.

म्हाताऱ्याने रोलकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. "मी ऑर्लिन," तो म्हणाला, आणि पुढे काहीतरी बोलणार होता.

पण मार्डेल सुटली होती! शाळा, ट्रक, सूप, सगळं सांगून झालं आणि गाडी दुकानाच्या जागेवर आली. "आणि तो मालक टोस्ट्रुड! अहो, खवीस आहे खवीस! जागा बघायला गेले तेव्हा छत गळताना दिसलं म्हणून कळवलं, तर माणूस पाठवायचा सोडून त्याने काय पाठवावं? बादली!"

ऑर्लिनने घास गिळला. "बादली चांगली होती ना पण?"

"बादलीला काय झालंय? दानत नको का माणसाला!"

"हं," ऑर्लिन म्हणाला आणि दुसरा रोल उचलला.

दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणं हे त्या भागात चोरीपेक्षा वाईट समजतात. चोराला निदान काही अडचण असते! त्यामुळे ऑर्लिन ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याला त्यात रस यायला लागला, आणि हळूहळू तो सल्ला द्यायला लागला. सल्लाही कसा, अगदी नेमका! सूप दोनच प्रकारचं ठेवा. पाव स्वतः भाजू नका, विकत घ्या. दुपारी दोनला दुकान बंद, नाहीतर कंबरडं मोडेल. मार्डेल सगळं डोक्यात साठवत होती. आजवर तिला 'हे ढवळ, ते ढवळ' यापलीकडे कुणी काही सांगितलं नव्हतं. कुणीतरी तिच्या धंद्याला धंदा समजून बोलतंय, याचंच तिला अप्रूप वाटायचं.

तिसऱ्या गुरुवारी तिने आवाज खाली आणला. "आता माझी हुकमाची पानं दाखवते तुम्हाला. टोस्ट्रुड महिन्याचं भाडं नऊशे डॉलर मागणार. मी म्हणणार पाचशे. पण खरं सांगायचं तर सातशेपर्यंत जाईन मी. हे आपल्या दोघांत हं!"

ऑर्लिनचे लांब कान लाल झाले. त्याने खिडकीबाहेर पाहिलं, छताकडे पाहिलं.

"मार्डेलबाई, मला तुम्हाला जरा एक सांगायचंय..."

"सांगा ना! कसा वाकवू त्याला?"

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. मग सुस्कारा सोडून म्हणाला, "आकड्याचा विषय निघाला, की तोंड शिवून बसायचं. जो आधी बोलेल तो हरला. आणि त्याच्या नादी लागू नका. निर्णय बायकोच घेते."

"तुम्हाला काय माहीत?"

"कळतं हो अनुभवाने," ऑर्लिन म्हणाला.

बुधवारी व्हर्नाचा फोन आला. "शनिवारी दहाला घरी ये. अकराला वाफेच्या सिगरेटी विकणारी कंपनी येतेय. दोघांचं ऐकून एकाला देऊन टाकणार. मला हे भिजत घोंगडं नको."

गुरुवारी मार्डेल शेवटची तयारी करायला लायब्ररीत पोचली, तर दारातच ग्रंथपाल ग्लेनिसने तिला बाजूला घेतलं. ग्लेनिसचा चेहरा मयताला आल्यासारखा!

"मार्डेल, तुला डुएनचा राग आलाय का? त्याला फार लागून राहिलंय."

"कोण डुएन?"

"तुझा सल्लागार! तो बघ, खिडकीशी. महिनाभर येतोय बिचारा. तू दुसऱ्याशी बोलत असतेस, म्हणून मध्ये पडत नाही. तासभर बसतो, तुझी वेळ संपली की घरी जातो."

खिडकीशी बसलेल्या गोलमटोल गृहस्थाने ओशाळं हसून हात हलवला.

मार्डेलने हीटरजवळच्या टेबलाकडे पाहिलं. "मग मी ज्यांच्याशी बोलतेय ते कोण?"

"ते होय? ऑर्लिन टोस्ट्रुड! गुरुवारी व्हर्नाकडे गोधड्या शिवणाऱ्या बायका जमतात, म्हणून ती त्यांना घराबाहेर काढते. हीटर त्या टेबलापाशीच आहे ना!"

मार्डेलने शेजारचं कपाट धरलं. खवीस! बादली! सातशे! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला! मालकाच्या तोंडावर मालकाला शिव्या घातल्या, वर त्यालाच रोल खाऊ घातले आणि आपली पानं त्याच्या हातात दिली. ती मागच्या दाराने बाहेर पडली. गाडीत बसून तिने स्टिअरिंगवर डोकं आपटलं, तर हॉर्न वाजला आणि ती आणखीच दचकली.

दोन दिवस तिला अन्न गोड लागेना. जाऊ नये, तर दुकान सिगरेटवाल्यांच्या घशात. जावं, तर कुठल्या तोंडाने? शेवटी शनिवारी सूपचं पातेलं घोंगडीत गुंडाळून ती निघाली. रस्ताभर स्वतःला बजावत होती: आपल्याला कळलंय हे त्याला कळू द्यायचं नाही. तो काही बोलणार नाही, आपणही बोलायचं नाही. इकडच्या निम्म्या लग्नांचा गाडा याच तत्त्वावर चाललेला आहे!

दार ऑर्लिननेच उघडलं. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. बाहेर शून्याखाली वीस, आणि मार्डेलच्या पाठीवरून घाम ओघळत होता.

"नमस्कार," तो घसा खाकरून म्हणाला. "मी ऑर्लिन टोस्ट्रुड."

"मी मार्डेल हाउगन. पहिल्यांदाच भेटतोय आपण."

"हो ना! पहिल्यांदाच!"

व्हर्ना ओट्यापाशी उभी होती. बुटकी, कणखर, नजर सुईसारखी. कॉफी झाली. मार्डेलने रीतीप्रमाणे दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा अर्धा कप घेतला. व्हर्नाने टेबलाशी बसून सूप चाखलं. काही बोलली नाही, पण वाटी पुसून घेतली. मार्डेलच्या जिवात थोडा जीव आला.

"प्रकार किती ठेवणार?"

"दोनच. पाव विकत आणणार. दुपारी दोनला बंद."

"अक्कल आहे तुला," व्हर्ना म्हणाली. ऑर्लिन छाती फुगवून बसला. "बरं, भाड्याचं बोल. किती देशील?"

झालं! आला तो क्षण! मार्डेलने ओठ आवळले. आधी बोलेल तो हरला! पण समोर बसलेल्या माणसाला आकडा आधीच ठाऊक होता, मग ती लपवत तरी कुणापासून होती? तरी गप्प बसली. व्हर्नाही बसली. फ्रीज घरघरला आणि थांबला. बाहेर कुणाच्या तरी गाडीची चाकं बर्फावर करकरली. सिगरेटवाले वेळेआधीच हजर! मार्डेलचा धीर सुटत चालला. आठशे म्हणून टाकावं का? पण मग दुकान चालणार कसं? तिने तोंड उघडलं...

आणि ऑर्लिनने मान जोरात हलवली. ओठांवर बोट ठेवलं. टेबलाखालून तिच्या बुटाला हलकेच लाथही मारली!

फक्त तो बूट व्हर्नाचा होता.

"ऑर्लिन! तू हिला खुणा करतोयस?"

"कोण? मी?"

"ओळखतोस तू हिला!" व्हर्ना उठून उभी राहिली. "अच्छा! म्हणून दर गुरुवारी दाढी करून जातोस! परत येतोस तेव्हा अंगाला दालचिनीचा वास! मी म्हणतेय, लायब्ररीत कुठली दालचिनी? या वयात, ऑर्लिन? मी जरा गोधडीत डोकं घातलं की हे धंदे?"

"अहो, तसलं काही नाही हो!" मार्डेल किंचाळली. धक्का असा बसला, की महिनाभराचं सगळं भडाभडा बाहेर पडलं. "मी यांना सल्लागार समजले! फुकटातला! पाटीखाली बसले होते ना! हे कोण ते मला परवापर्यंत माहीत नव्हतं, शपथ! मी यांच्याच तोंडावर यांना खवीस म्हणाले! बादलीवरून नाही नाही ते बोलले!"

"बादली मी पाठवली होती," व्हर्ना थंडपणे म्हणाली.

मार्डेलने डोळे मिटले. संपलं. गेलं दुकान. उद्यापासून घर, टीव्ही आणि एकटीपुरतं सूप. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने पातेल्याचं झाकण लावायला घेतलं.

"थांब," व्हर्ना म्हणाली. "ऑर्लिन, किती देऊ शकते ही? तुला सांगितलं असेलच हिने."

ऑर्लिन ताठ बसला. कान लालबुंद. "सल्लागार अशा गोष्टी बाहेर सांगत नसतो."

"मी बायको आहे तुझी!"

"म्हणून तर मुळीच नाही."

मार्डेल त्याच्याकडे बघतच राहिली. तिला रडू आवरेना. दाराची घंटा वाजली. कुणीही उठलं नाही.

"म्हणजे दोन सूप, विकतचा पाव, दोनला बंद, हे सगळं याचं?" व्हर्नाने हळूच विचारलं.

"हो."

"आणि तू ऐकलंस?"

"ऐकलं ना."

"शेवटपर्यंत? हा बोलत असताना?"

"दर गुरुवारी. तासभर. मला तर आवडायचं."

व्हर्ना मटकन खुर्चीत बसली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मार्डेलकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहून काहीतरी हिशेब करायला लागली. निवृत्त झाल्यापासून तो माणूस घरात बसून तिला भांडी कशी लावावीत, कांदा कसा चिरावा, गोधडीला टाका कुठून घालावा, हे शिकवत होता. घंटा पुन्हा वाजली. तशी व्हर्ना तडक उठली, दार उघडलं, "जागा गेली!" म्हणाली आणि लावून टाकलं. सिगरेटवाले बाहेर बर्फात आ वासून उभे राहिले असतील!

"सहाशे," ती परत येऊन म्हणाली. "छत मी दुरुस्त करून देते. पण एक अट आहे. तुझा हा सल्लागार तुझ्याकडेच राहील. दुकान उघडं असेल तेवढा वेळ. पगार नको त्याला. तुला फुकटच हवा होता ना?"

मार्डेलने दोन्ही हातांनी व्हर्नाचा हात धरला. अट? ही कसली अट? वर बोनसच की! तिने तिथल्या तिथे सही ठोकली आणि घरी जाताना गाडीत मोठ्याने गाणी म्हटली.

दुकान मार्चच्या पहिल्या सोमवारी उघडलं. पहाटे सहाला व्हर्नाची गाडी दारात थांबली, इंजिन मात्र बंद झालं नाही. ऑर्लिन उतरला. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात घरची खुर्ची, उशीसकट. आत येऊन त्याने सूपचा चमचा तोंडात घातला. "वाईट नाही," तो म्हणाला. तिकडे यापेक्षा मोठी पदवी नाही! मार्डेल खुलली. मग त्याने शेगडीच्या बरोबर मागे खुर्ची मांडली.

"शेगडी चुकीच्या भिंतीला लागलीय, मार्डेलबाई. आणि कांदा असा नाही चिरायचा. आणा इकडे, दाखवतो. गल्ला उजवीकडे का ठेवलाय? हा डाव कुणी घेतला? अहो, ऐका तरी आधी..."

पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत मार्डेलने तीनदा दीर्घ श्वास घेतला. चौथ्यांदा घेतला तो बाहेर धावत जाऊन, एप्रनवरच, बर्फात पाय घसरत.

"व्हर्नाताई! ओ व्हर्नाताई! न्यायला कधी येणार यांना?"

व्हर्नाने काच वर सारली, गिअर टाकला आणि फटीतून ओरडली, "करार तीन वर्षांचा आहे!"