घरतकाकांचं चेकिंग

आमच्या शिरगावातल्या बिल्डिंगमध्ये शेजारी राहणारे घरतकाका एकदा आठवडाभर भगवं टक्कल घेऊन भाजी आणत होते. काकूंसाठी नवी मेंदी आणली होती, तिचं चेकिंग. अंबरनाथच्या कंपनीत ते इन्स्पेक्शनला होते. रिटायर झाले, पण इन्स्पेक्शन सुटलं नाही. घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी स्वतःवर. "माल कितीही ब्रँडेड असो, आधी चेकिंग," म्हणायचे.

एका रविवारी सकाळी काकू दारात. "नितीन, रिक्षा बघ रे. ह्यांचा डोळा चिकटलाय."

मागे काका उभे, उजवा डोळा मिटलेला. "चपलेचा गोंद गेला. कॅम्प एकच्या डुप्लिकेट मालाच्या बाजारातून आणलेला," ते शांतपणे म्हणाले. "पण माल ओरिजिनल आहे."

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत काकांनी उरलेल्या डोळ्याने इन्स्पेक्शन सुरू केलं. शेजारी एक वेल्डर लालबुंद डोळे घेऊन बसला होता.

"गॉगल लावायला काय होतं?" काकांनी दरडावलं.

"चुकलं, काका. तुमचं काय झालं?"

काका पंख्याकडे बघू लागले.

काकू मात्र बोलायच्या थांबत नव्हत्या. "कितीदा सांगितलं, औषधाच्या खणात गोंद ठेवू नका."

डॉक्टरीणबाईंनी कोमट पाण्याने डोळा धुतला, पापणीचे केस कापले. बऱ्याच वेळाने पापणी सुटली. "बुबुळ वाचलंय, नशीब. ड्रॉप समजून टाकलात ना? कशासाठी चालू आहेत?"

"मला नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन हिचं झालंय."

"मग तुमच्या डोळ्यात कशाला?"

काका जरा अवघडले. "हिला घालायच्या आधी एक थेंब मी टाकून बघतो. झोंबत नाही ना ते कळतं."

"प्रत्येक वेळी?"

"ऑपरेशनचा डोळा आहे, मॅडम."

दुसऱ्याचं औषध डोळ्यात टाकायचं नाही, म्हणून बाई त्यांना चांगल्याच रागावल्या.

परतताना रिक्षात ऊन येत होतं. काकूंनी आपला काळा चष्मा काढून काकांना घातला आणि स्वतःच्या डोळ्यावर पदर धरला.

"अगं, तुला लागेल तो," म्हणत काकांनी तो काढायला हात उचलला. काकूंनी तो हात खाली घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.