टाचेचा वजीर

डाव सुरू होऊन चहा निवायच्या आतच बूटमास्तरांनी आपला काळा वजीर घड्याळजींच्या पांढऱ्या वजिरावर घातला.

"आल्या आल्या वजिरावजिरी?" घड्याळजी म्हणाले. "अहो मास्तर, जरा नांदू द्या की त्यांना पटावर."

"नको. तुमचा वजीर फिरायला लागला की मला काही सुचत नाही. दोघेही गेले की कसं, घर शांत."

"शांत घराचं कौतुक मला सांगू नका," घड्याळजी म्हणाले. त्यांनी राजाने तो काळा वजीर मारला आणि कोटाच्या खिशात टाकला. त्यांची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून दुपारचं जेवण उरकलं की ते घरी पडायचे नाहीत, आपल्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाशेजारी मास्तरांच्या बूट दुरुस्तीच्या दुकानात पट मांडायचे.

आता हा काळा वजीर खरं तर वजीर नव्हता. खरा वजीर गेल्याच आठवड्यात काउंटरवरून घरंगळून एका गिऱ्हाइकाच्या गमबुटात पडला होता आणि गिऱ्हाइकाबरोबर निघून गेला होता. त्याच्या जागी मास्तरांनी दुरुस्तीला आलेल्या एका सँडलची निखळलेली टाच उभी केली होती. काळी, चार बोटं उंच, बूड रुंद आणि वर निमुळती होत गेलेली. शेंड्यावर खिळ्याचं चकचकीत डोकं. दुकानातल्या कुठल्याच सोंगटीला असा रुबाब नव्हता. एक काळं प्यादंही असंच हरवलं होतं, तिथे पॉलिशच्या छोट्या डबीचं झाकण होतं.

वजीर गेल्यावर मास्तरांना हुरूप आला. त्यांनी ते झाकण बेधडक पुढे सरकवलं.

"प्यादं फुकट देताय?" घड्याळजींनी चष्म्यावरून बघितलं.

"घ्या की. बळी आहे तो. विचार करून दिलेला."

घड्याळजींनी झाकण मारलं, तेही खिशात टाकलं. तशी मास्तरांच्या हत्तीपुढची वाट मोकळी झाली. चार खेळ्यांनी मास्तरांचा हत्ती आपलं मागचं घर सोडून त्या वाटेने थेट वर गेला आणि घड्याळजींचा घोडा खाऊन बसला. आख्खा घोडा! मास्तरांनी तो उचलून हातात धरला, दोन्ही बाजूंनी बघितला. इतक्या वर्षांत ते घड्याळजींना एकदाही हरवू शकले नव्हते. एकदा डाव बरोबरीत सुटला होता, तोही घड्याळजींना ताप होता म्हणून.

"बघा, विचार करा," मास्तर म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य या पटावर पहिल्यांदाच निघत होतं.

घड्याळजी विचार करायला बसणार एवढ्यात दवाखान्यातून निरोप आला. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीतलं उभं घड्याळ पुन्हा बंद पडलं होतं. "आलोच," म्हणून घड्याळजी उठले. "माझी खेळी आहे. पटाला हात लावू नका."

"मी कशाला लावतोय?" मास्तर म्हणाले. एवढा सुंदर पट त्यांनी कुणाला पुसूही दिला नसता.

घड्याळजी गेले आणि पाठोपाठ फोन वाजला. बायकोचा होता. ती पलीकडच्या शाळेत कचेरीत काम करत होती.

"अहो, बाईंच्या सँडल झाल्या ना?"

"उद्या द्यायच्यात ना?"

"उद्याचा समारंभ आजच ठेवलाय! पाहुण्यांना उद्या जमत नाही. चारला सुरू होतंय. मी येतेय न्यायला."

"कुठल्या सँडल म्हणालीस?"

"कुठल्या म्हणजे? काळ्या! डाव्या पायाची टाच निघालीय ती! मी स्वतः आणून दिली नाही का तुमच्या हातात, जपून ठेवा म्हणून?"

मास्तरांनी फळीवर बघितलं. उजवी सँडल डौलात उभी होती. डावी पालथी पडली होती.

हे प्रकरण साधं नव्हतं. मुख्याध्यापिकाबाई हुशारीने मोठ्या आणि उंचीने बेताच्या. शाळेतलं भाषणाचं लाकडी टेबल मात्र कुणा उंच माणसाच्या मापाने केलेलं. मागच्या समारंभाला बाई सपाट चपलांत उभ्या राहिल्या, तर मागे बसलेल्यांना भाषण ऐकू आलं पण बोलतंय कोण ते समजेना. दिसत होता तो फक्त अंबाडा. त्यानंतर बाईंनी या सँडल घेतल्या. टाच निघाली तेव्हा नवीन घ्यायला निघालेल्या बाईंना मास्तरांच्या बायकोनेच अडवलं होतं. "आमचे हे आहेत ना! कळणारसुद्धा नाही कुठे निघाली होती." सगळ्या कचेरीसमोर तिने हा शब्द दिला होता.

घड्याळजी परत आले तेव्हा मास्तर दुकानाच्या दारातच उभे होते.

"ती टाच द्या आधी."

"कुठली टाच?"

"खिशातली. काळा वजीर."

घड्याळजी सावकाश स्टुलावर बसले. "डाव चालू आहे, मास्तर. मारलेली सोंगटी डाव संपेपर्यंत मारणाऱ्याकडे. हा नियम कुणाचा?"

नियम मास्तरांचाच होता. घड्याळजींनी एकदा गिऱ्हाइकाच्या गजराच्या घड्याळाची चावी प्यादं म्हणून मांडली होती. मास्तरांनी ती मारली आणि डाव संपेपर्यंत दिली नव्हती. गिऱ्हाईक शेजारी उभं राहून बोंबलत होतं, तरी दिली नव्हती. वर म्हणाले होते, "पटावर उभं राहिलं ते सोंगटी. बाकी चौकशी नाही."

"अहो पण ते प्यादं होतं! हा वजीर आहे!"

"मग नियम जास्तच कडक."

"घड्याळजी, बायको येतेय हो."

"येऊ द्या की. मला एक खेळी खेळू द्या, मग खुशाल टाच घ्या."

"तुमची एक खेळी म्हणजे संध्याकाळ! मागच्या वेळी एक उंट हलवायला तुम्ही एवढा वेळ लावलात की मी दोन जोड्यांना तळ मारले!"

"या वेळी नाही लागणार वेळ," घड्याळजी म्हणाले आणि त्यांचा हात पटाकडे गेला.

एवढ्यात बायको आली. तिने फळीवरची पालथी सँडल बघितली, मग नवऱ्याचं तोंड बघितलं आणि तिला काही विचारायची गरज उरली नाही.

"कुठाय टाच?"

"यांच्या खिशात."

"घड्याळजींच्या? ती तिथे काय करतेय?"

"मारली त्यांनी."

"चोरली?"

"चोरली नाही गं, मारली. बुद्धिबळात मारली. मीच दिली म्हण. वजिराला वजीर."

बायकोने पदर खोचला. "म्हणजे बाईंच्या सँडलची टाच तुम्ही खेळायला घेतलीत आणि वर हरवलीत?"

"हरवली नाही! उलट मी जिंकतोय!" मास्तर काकुळतीला आले. "हे बघ, मी एका घोड्याने पुढे आहे. आजपर्यंत कधी झालंय का असं? डाव संपला की टाच मिळेल."

"कधी संपेल?"

"ते यांच्या हातात आहे."

"आणि लवकर संपवायचा असेल तर?"

"तर मला डाव सोडावा लागेल. म्हणजे मी हरलो म्हणायचं."

"मग म्हणा की!"

"अगं, पण मी जिंकतोय!"

बायको काहीच बोलली नाही. ती बोलत असली की मास्तरांना निभावता येई, ती गप्प बसली की अवघड. ती नुसती त्या पालथ्या सँडलकडे बघत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं हो. आमचे हे करून देतील म्हणून."

मास्तरांनी पटाकडे एकदा डोळे भरून बघितलं. वर जाऊन बसलेला हत्ती. तीन प्याद्यांच्या आड सुखरूप बसलेला राजा. मारलेला घोडा. असा डाव पुन्हा कधी मांडला जाणार?

"सोडला," ते म्हणाले. "घड्याळजी, मी हरलो. आता द्या टाच."

घड्याळजींचा हात पटावर अर्ध्यातच थांबला होता. त्यांनी मास्तरांकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं आणि हात मागे घेतला. "बरं," ते म्हणाले आणि खिशात हात घातला.

खिशातून पॉलिशच्या डबीचं झाकण निघालं. मग एक पांढरा रुमाल. मग एक स्क्रू. मग घड्याळजींचा चेहरा हळूहळू बदलला.

"अरे देवा," ते म्हणाले.

"काय झालं?"

"डॉक्टरांच्या घड्याळाला काही झालेलं नव्हतं. फरशी एका बाजूला खचलीय, घड्याळ कलतं आणि लंबक अडकतो. खाली द्यायला पाचर पाहिजे होती. खिशात हात घातला तर हाताला काहीतरी लागलं. इतकं बेताचं बसलं म्हणून सांगू, सुताराने करून दिल्यासारखं..."

पुढचं ऐकायला कुणी थांबलं नाही. दोन्ही सँडल घेऊन बायको पुढे, डिंकाचा डबा, पॉलिश, स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी घेऊन मास्तर मध्ये आणि झाकण, स्क्रू परत खिशात कोंबत "अहो, हळू ओढा, घड्याळ जड आहे" असं ओरडत घड्याळजी मागे.

दवाखान्यात बाहेरची खोली भरलेली होती. हातोडी घेतलेला माणूस आत शिरताच कंबरदुखीवाले एक आजोबा ताडकन उठून उभे राहिले. मास्तर थेट घड्याळापाशी गुडघ्यांवर बसले.

"सापडली!" त्यांनी टाच ओढली. घड्याळ कुरकुरलं, पुढे झुकलं आणि अवेळी बाराचे ठोके द्यायला लागलं. घड्याळजींनी धावत जाऊन ते मिठीत धरलं.

"पळा तुम्ही!" ते घड्याळाच्या आडून म्हणाले. "पण आधी खाली द्यायला काहीतरी बघा!"

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. त्यांना दिसलं ते असं की घड्याळजी घड्याळाला कवटाळून उभे आहेत, ठोके चालूच आहेत आणि एक माणूस खुर्चीच्या दांडीवर बाईमाणसाची सँडल ठोकतोय.

"हे काय चाललंय काय?"

"वजीर सोडवतोय, डॉक्टर," घड्याळजी म्हणाले. "तुम्ही जरा माझ्या खिशातलं प्यादं काढता का? डाव्या."

डॉक्टरांनी झाकण काढलं. ते एकटं पुरेना, तेव्हा गोळ्यांचं एक रिकामं खोकं चेपून त्याच्यावर झाकण ठेवलं आणि दोन्ही घड्याळाच्या बुडाखाली सारलं. घड्याळ सरळ झालं. लंबक हलायला लागला. कंबरदुखीवाले आजोबा पुन्हा आठवणीने कण्हत खाली बसले.

इकडे मास्तरांनी डिंक लावला, आतून स्क्रू पिळला, घड्याळजींचाच, आणि कडेवरून काळं पॉलिश फिरवलं. बायकोने सँडल उन्हात धरून निरखली. जोड कुठे आहे ते तिलाही सापडेना. ती दोन्ही सँडल घेऊन पळाली. पळता पळता एकदा मात्र तिने मागे वळून बघितलं. मास्तरांना तेवढं पुरलं.

दुकानात परतल्यावर दोघे पटासमोर बसले. चहा मागवला. मास्तरांना आता डाव सोडल्याचा आनंद होत होता. "चला, होतं असं," ते मोठ्या मनाने म्हणाले. "जिंकण्यात काय आहे? पण घड्याळजी, प्याद्याचा तो बळी काय दिला होता मी! खरं सांगा, वाचलात ना?"

घड्याळजी चहा पीत राहिले.

"बोला की. तुम्ही काय खेळणार होता?"

"जाऊ द्या."

"नाही, सांगाच. मला बघू द्या, कसा सुटणार होतात ते."

घड्याळजींनी कप खाली ठेवला. आपला हत्ती उचलला आणि सरळ रेषेत नेऊन मास्तरांच्या राजाच्या रांगेत, अगदी शेवटच्या घरात ठेवला.

"शह."

मास्तरांनी राजा उचलायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. राजाच्या पुढे त्यांचीच तीन प्यादी उभी होती. बाजूला पळावं तर त्या रांगेत घड्याळजींचा हत्ती. मध्ये आडवं यायला कुणी नाही. आणि ज्याने ती रांग राखायची, तो मास्तरांचा हत्ती वर घोडा खाऊन बसलेला.

"मात?" मास्तरांनी विचारलं.

"घोडा मी ठेवलाच होता खायला. म्हणून तर म्हणत होतो, एक खेळी खेळू द्या आणि टाच घ्या."

आपण काय सोडलं होतं ते आता मास्तरांच्या लक्षात आलं. त्यांनी एक हरलेला डाव सोडला होता.

"घड्याळजी," ते खालच्या आवाजात म्हणाले, "हे घरी..."

पुढचं बोलणं राहिलं, कारण बायको दारात उभी होती. चेहरा नुसता फुलला होता.

"काय भाषण झालं म्हणून सांगू! शेवटच्या रांगेतून बाई दिसत होत्या, खांद्यांपासून वर! खाली उतरल्यावर सगळ्यांसमोर विचारलं त्यांनी, कुणी केलं हे काम? मी सांगितलं. आणि हेही सांगितलं, की आमच्या ह्यांनी जिंकत आलेला डाव माझ्यासाठी सोडला. सगळ्या कचेरीला सांगितलं. त्या संगीताच्या बाई म्हणाल्या, आमचे तर भाजी आणायलाही टीव्ही सोडत नाहीत!"

मास्तरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

बायको पटापाशी आली, वाकून बघायला लागली. तिला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, तरी ती त्या सोंगट्यांकडे एखाद्या फोटोकडे बघावं तशी बघत होती. घड्याळजींनी कप ठेवायच्या निमित्ताने हात पुढे केला आणि आपला हत्ती अलगद पूर्वीच्या घरात सरकवला.

"काय हो घड्याळजी," तिने विचारलं, "खरंच जिंकत होते का हो हे? का मला बरं वाटावं म्हणून म्हणतायत?"

घड्याळजी त्या पटावर आजवर कुणाकडूनही हरले नव्हते, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. उद्या सकाळी शाळेची सगळी कचेरी दुकानासमोरून जाताना त्यांच्याकडे बघून हसणार, हे त्यांनाही दिसत होतं. त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या बाहीला पुसला आणि पुन्हा लावला.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही वेळेवर आलात म्हणून वाचलो."