कोठीच्या उंबऱ्यावरची सावली

श्रीसूर्यनारायण साक्ष असोत. नसले तरी लिहिणे प्राप्त आहे. शके सतराशे सदतीस, युवानाम संवत्सरी, चैत्रमासी पूर्वसमुद्रात एका बेटावरला डोंगर फुटला आणि त्याची राख आभाळी चढली आणि देशोदेशी हिंडत या राज्याचे डोईवर आली. मग सूर्य कळकट परातीसारखा दिसू लागला, पाऊस भलत्याच वेळी कोसळला, भर ज्येष्ठात लोक शेकोटीस बसले आणि जोंधळा वीतभर वाढून पिवळा पडला.

राज्यात दुष्काळाकरिता धान्याची कोठी होती, तिचे कोठावळे सुभानजी. चोरी होऊ नये म्हणून थोरल्या महाराजांनी शिरस्ता घालून दिला होता की, कोठी सूर्याचे साक्षीने उघडावी. निशाणकाठीची सावली उंबऱ्यास लागेल तेव्हाच कुलूप काढावे. आता सावलीच पडेना. लोक टोपल्या घेऊन दारी बसले, आणि सुभानजी रोज किल्ली घेऊन जात, भुईकडे पाहत आणि माघारी येत. घरी पारूबाई कडू कंद उकडीत होती. ती म्हणाली, "अहो, किल्ली तुमच्या कमरेला आणि खड्डा माझ्या पोटात. कुलपाला काय डोळे आहेत?"

"शिरस्ता आहे, पारू."

"मग शिरस्ताच वाढा ताटात!"

मग सुभानजी दरबारी गेले आणि हात जोडून बोलिले, "बंदरावरला तांडेल सांगतो, समुद्रापार डोंगर फुटला, ही त्याची राख. सावली इतक्यात पडायची नाही. कोठी उघडण्यास हुकूम व्हावा." दरबार खदखदा हसला. शास्त्रीबोवा म्हणाले, "डोंगर त्यांचा फुटला आणि सावली आमची हरवली? तांडेलास ताडी जरा कमी पाजा!" महाराजांनी, सूर्याची वाट पाहावी, अशी आज्ञा केली आणि भोजनास उठले. हुजूरची कोठी निराळी. तिला सावली लागत नसे.

सुभानजी कुलपाशी येऊन दगड उचलून उभे राहिले. फोडावे, असे मनात आले. आणि मान जाईल, हेही आले. मग दगड खाली ठेविला. त्याच पंधरवड्यात पारूबाई गेली. टोपल्यावालेही एकेक करून दारातच आडवे झाले.

मग माघात ऊन पडले आणि सावली उंबऱ्यास लागली. नौबत झडली, कुलूप निघाले. आत भिंतींना ओल चढून धान्याच्या काळ्या ढेपा झालेल्या, आणि बाहेर घेणारेही थोडेच. महाराज संतोष पावले, शिरस्ता राखिला म्हणून सुभानजींस भरजरी शेला दिधला. सुभानजींनी त्या शेल्यात एक ढेप बांधिली, आणि महाराज भोजनास बसले होते तेथे जाऊन त्यांचे ताटात सोडिली.

"हे काय रे?"

"शिरस्ता, महाराज. जेवावे."

हकीकत एवढीच. सुभानजींची मान त्याच दिवशी गेली. कोठी झाडून नवे धान्य भरिले, कुलूप लाविले, आणि सावलीचा शिरस्ता अद्याप चालू आहे.