हारूचे दार आणि खराडीची बैठक

“असलं भांडण अजून जन्माला यायचं हाय, जे माझ्या पडवीत बसून, च्या पिऊन मिटणार न्हाई!”

असे संपतराव छाती पुढे काढून म्हणत असत, आणि वाचकहो, त्यात अगदीच खोटे काही नव्हते. खराडी हे काचेच्या इमारतींचे नगर नव्हते, ज्वारीचे गाव होते, तेव्हापासून बांधाचे, पाटाच्या पाण्याचे व सोयरिकीचे कैक तंटे त्यांनी सोडविले होते. आता शेते जाऊन तेथे आयटी पार्क उभे राहिले, तंटेही पार्किंगच्या जागेवरून होऊ लागले. परंतु संपतरावांच्या पडवीचा लौकिक शाबूत होता. म्हणूनच स्वतःच्या घरातील एका बाईचे डोळे आपल्याला पुसता येऊ नयेत, हे त्यांच्या मनाला फार लागले.

ती बाई म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती आनंदीबाई. रडण्याचे कारण मात्र जपानी होते!

नात तेजस्विनी दुपारी शाळेतून आली की आजी व नात मिळून टीव्हीवर एक जपानी चित्रमालिका हिंदीतून पाहत असत. हारू नावाची एक चिमुरडी तान्हेपणी दुरावलेल्या बापाचा शोध घेत बेटाबेटांतून हिंडते, अशी ती कथा. आरंभी आनंदीबाईंनी “डोळे बशीएवढे आन् पोटात अन्नाचा कण न्हाई!” एवढाच अभिप्राय दिला, परंतु पुढे त्या हारूच्या नावाने देवापुढे साखर ठेवू लागल्या. अखेरीस हारू भर वादळात बापाच्या घरापाशी पोहोचली. तिने दार वाजविले. आतून पावलांचा आवाज आला... आणि मालिका संपली!

“दार कुणी उघडलं गं?” आनंदीबाईंनी विचारले.

“आज्जी, लायसन्सचा राडा झालाय. पुढचा सीझन जपानच्या बाहेर रिलीजच नाही झाला.”

“अगं, पण पोरगी वाऱ्यात उभी हाय!”

“चोरीच्या एखाद्या साइटवर सापडेल. बघू का?”

“चोरून बघायचं? आन् मग कुठल्या तोंडानं त्या लेकराच्या म्होरं बसायचं? नको!”

त्या दिवसापासून आनंदीबाईंचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. आमटीत मीठ दोनदा पडे, चहात साखर एकदाही पडत नसे. दाराची घंटा वाजली की त्या डोळ्यांना पदर लावीत. दूधवाला तर दूध ठेवून पळून जाऊ लागला! शेवटी संपतरावांनी शब्द दिला, “येत्या रविवारी मी हे मिटवतो. मग तर जेवशील?”

वरच्या मजल्यावर गंधार नावाचा भाडेकरू राहत असे. मूळचा बुधवार पेठेतला, आणि खराडीतील एका कंपनीत जपानी भाषेचा दुभाषी. संपतरावांनी त्याला गाठले.

“काका, मी बेअरिंगच्या मीटिंगमध्ये बोलतो. हारूशी माझा परिचय नाही.”

“पण जपानी वाचता येतं ना? मग ह्या गोष्टीचा मालक कोण, तेवढं शोध.”

गंधारने मोबाईलवर बराच वेळ जपानी बातम्या वाचल्या. “मालक एक नाही, हीच तर अडचण आहे. गोष्ट लेखकाची आणि त्याच्या प्रकाशकाची. चित्रं स्टुडिओनं काढली. पैसा चार-पाच कंपन्यांनी मिळून घातला. गाणी आणखी तिसऱ्याचीच. बाहेरच्या देशांत दाखवायचा परवाना एका वितरकाला दिला, तोही पहिल्या सीझनपुरता. दुसऱ्याच्या वेळी स्टुडिओ म्हणाला, परदेशचे हक्क आमचे. गाणीवाले म्हणाले, आम्हाला विचारल्याशिवाय एक सूर बाहेर जाणार नाही. प्रकरण कोर्टात गेलं. आता वितरकानं विकत घ्यायचं कुणाकडून? जपानात सगळं दाखवून झालंय. अडकलोय ते आपण.”

संपतरावांचा चेहरा दिवाळीसारखा उजळला.

“हात्तिच्या! सामायिक जमीन हाय म्हण की! विहीर एकाची, झाडं दुसऱ्याची, वाट तिसऱ्याची. गिऱ्हाईक दारात उभं आन् एकाची सही न्हाई!”

“हो... तसंच आहे,” गंधार म्हणाला. दुसऱ्याचे बरोबर आहे हे कबूल करताना त्याला पडणारे कष्ट स्पष्ट दिसत होते.

“मग बैठक घेऊ. तुझा जपानी साहेब आण.”

“काका, ओकाबेसाहेब बेअरिंग बनवतात!”

“जपानचेच हायेत ना? गावाकडं सांगावा धाडतील. मी नागपुरापतूर सांगावे पोचवलेत!”

ओकाबेसाहेब कँटीनच्या जेवणाला विटले आहेत, निदान एक दिवस घरचे जेवतील, असा विचार करून गंधारने होकार दिला.

येथे वाचकांस एक गोष्ट सांगणे भाग आहे. संपतरावांच्या घराशेजारी एक इमारत उभी आहे. उभी म्हणजे तिचे खांब उभे आहेत. वर लोखंडी सळया आभाळाकडे तोंड करून आहेत, आणि आत कबुतरांचा संसार आहे. ती जागा संपतराव व त्यांचे धाकटे बंधू नागोराव यांची सामायिक. पुढची दुकाने कोणाची, यावरून बिनसले. नागोरावांनी सही दिली नाही, संपतरावांनी ती पुन्हा मागितली नाही. भिंतीला भिंत लावून राहणारे हे सख्खे भाऊ कित्येक वर्षे एकमेकांस “शेजारी” म्हणत होते, तेही तिसऱ्याच्या मार्फत! साऱ्या गावाचे तंटे सोडविणाऱ्या माणसापुढे या तंट्याचे नाव काढण्याची कोणाची छाती नव्हती.

शनिवारी दारात खुर्च्या उतरल्या, फेटे बांधणारा येऊन गेला. किराणा दुकानदाराने चौकशी केली, तेव्हा आनंदीबाई एवढेच म्हणाल्या, “जपानचे लोक येत्यात. बैठक हाय.” गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत या वाक्याने बाळसे धरले. संपतराव ती सामायिक जागा जपानी कंपनीला विकत आहेत! दिवेलागणीपर्यंत त्या जागेवर तीस मजले चढले आणि गच्चीवर हेलिकॉप्टर उतरले. नागोरावांना चहाचा ठसकाच लागला.

रविवारी ओकाबेसाहेब आले. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. पाहुणा आपल्यापेक्षा खाली वाकतो हे बरे नव्हे, म्हणून संपतराव अधिक वाकले. यजमानाने इतके वाकावे हे पाहून ओकाबेसाहेब आणखी वाकले! अखेर संपतरावांचा फेटा सुटून साहेबांच्या बुटांवर पडला.

“दोघंही उठा,” गंधार म्हणाला, “जेवण निवतंय.”

मग संपतरावांनी घसा साफ केला. “साहेब, मालक मालक भांडत्यात, भांडू द्या. पण पोरीनं कुणाचं घोडं मारलंय? अडवणाऱ्याला वाटतं, आपण हक्क राखतोय. पण त्या हक्कापायी दार बंद ऱ्हातं ते भलत्याच माणसाचं. थोरल्यानं आपला मान खिशात घालावा आन् दुसऱ्याचा उंबरा चढावा. त्यानं कुणी ल्हान होत न्हाई.”

भाषण मोठे रसाळ झाले. स्वयंपाकघराच्या दारातून आनंदीबाई मात्र नवऱ्याकडे टक लावून पाहत राहिल्या.

ओकाबेसाहेब बोलले, गंधारने सांगितले. “ते म्हणतात, त्या लोकांपैकी मी कोणालाच ओळखत नाही, क्षमा असावी. पण तुमचे विचार फार मोलाचे आहेत. आणि ते विचारतात...” गंधार थांबला.

“बोल की!”

“खिडकीतून ती इमारत दिसते आहे, ती अर्धवट का? तिथेही परवान्याचा वाद आहे का?”

संपतराव फेट्याचे टोक चाचपू लागले. फेटा तर डोक्यावर नव्हताच. इतक्यात दार वाजले.

“दार!” आनंदीबाई धावल्या आणि त्यांनी ते उघडले. बाहेर नागोराव! हातातील मोबाईलवर वकिलाचा नंबर तयार.

“वहिनी, शेजाऱ्यांना इचारा, माझ्या सहीबिगर जागा जपान्याला विकत्यात कशी?”

नवे वडीलधारे गृहस्थ दिसताच ओकाबेसाहेब उठून वाकले. नागोरावांचा नाइलाज झाला, तेही वाकले. आणि वाकलेल्या माणसाला धड ओरडता येत नाही!

“जागा कुणी विकत न्हाई, भाऊजी,” आनंदीबाई म्हणाल्या. “हारूचं दार उघडायचंय.”

“ही हारू कोण? तिचीबी वाटणी हाय का?”

तेजस्विनीने शेवटचा भाग लावला. नागोराव प्रथम उभ्याने पाहत होते. मग खुर्चीच्या काठावर टेकले. मग पुढे झुकले. हारूने दार वाजविले. पावले वाजली. संपले.

“फुडं?”

“फुडं न्हाई.”

“न्हाई म्हंजे? कुणी अडवलंय?”

“सही न देणाऱ्यानं,” आनंदीबाईंनी एका भावाकडे पाहिले, मग दुसऱ्याकडे, “आन् ती न मागणाऱ्यानं.”

ओकाबेसाहेबांना दया आली. गंधार म्हणाला, “त्यांच्या मुलीनं सगळं पाहिलंय. फोन करून विचारू का, दार कोणी उघडलं?”

“नको!” आनंदीबाई म्हणाल्या. “निस्तं ऐकून काय करू? तिनं माझ्या म्होरं वाजवलंय, माझ्या म्होरंच उघडू द्या.” आणि कित्येक दिवसांनी त्यांनी स्वतःसाठी ताट वाढून घेतले, नागोरावांनाही वाढले.

पंगत उठली. नागोराव निघाले, तेव्हा संपतराव चक्क त्यांच्यामागून उंबऱ्यापर्यंत गेले. “मग... आपल्या इमारतीचं काय करायचं, नागू? सही देतोस?”

“देतो की, दादा. मी कुठं न्हाई म्हणतोय?”

तेजस्विनी पेन आणायला धावली.

“पर आधी ते दार उघडू दे. पोरगी तिकडं वाऱ्यात, आन् आपुन हिकडं स्लॅब टाकायचा व्हय? मनाला पटत न्हाई!”

तेव्हापासून खराडीतील एक इमारत टोकियोतील सह्यांवाचून अडली आहे. नागोराव रोज दुपारी येऊन मालिका पहिल्या भागापासून पाहतात, संपतराव त्यांना चहा देतात, आणि आता त्यात साखर असते. आपली जुनी फुशारकी संपतराव अजूनही मारतात, फक्त शेवटी आवाज खाली आणून म्हणतात, “घरचं आन् जपानचं सोडून.”