मेथीच्या वाफ्यातला योगवर्ग

माणसाला स्वतःच्या पाठीची आठवण दोनच ठिकाणी होते : दवाखान्यात आणि परगावी. घरी असताना तो साडेसातला उठतो आणि सूर्य ही दूधवाल्यासारखी परस्पर येऊन जाणारी गोष्ट आहे असे समजतो. तोच माणूस परगावी मुक्कामाला गेला की आदल्या संध्याकाळीच विचारतो, "इथे सूर्योदय किती वाजता असतो हो?" जणू काही तालुक्यागणिक सूर्य वेगळा नेमलेला आहे.

मी या नियमाला अपवाद नाही. पाटबंधारे खात्याच्या एका कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर मी पत्नी निता हिच्या भाच्याच्या लग्नासाठी नागपूरहून मालेगावला आलो. (नाशिककडचे मालेगाव नव्हे, वाशिमचे. हा खुलासा इथली माणसे झोपेतसुद्धा करतात.) लग्नघरी पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून दहाबारा पाहुण्यांची सोय गावाबाहेर उत्तमरावांच्या 'शिवार निवास' येथे झाली. उत्तमराव भाजीपाला पिकवतात. त्यांनी आपल्या कांदाचाळीचे रूपांतर पाहुण्यांच्या खोल्यांत केले आहे. कांद्याच्या वासाने या रूपांतराला अद्याप संमती दिलेली नाही.

फाटकावरच फलक होता : 'नवशिक्यांसाठी मोकळ्या हवेतील योगवर्ग. सकाळी ६ ते ७. पूर्वानुभवाची अट नाही.' शेवटचे वाक्य वाचून मला भरून आले. उभ्या आयुष्यात पूर्वानुभवाची अट नसलेल्या दोनच गोष्टी मी पाहिल्या होत्या, एक लग्न आणि दुसरे आमच्या कचेरीतले मोठे साहेब. मी तत्काळ नाव नोंदवले. निताने नोंदवले नाही. "मला सात वाजेपर्यंत झोपू द्या, तोच माझा योग," असे तिने तोंडी कळवले.

नोंदणीचा अर्ज अतिशय शास्त्रशुद्ध होता. 'शरीराचा कोणता भाग दुखतो?' या प्रश्नाला एक ओळ जागा ठेवलेली होती. कारंज्याचे कापडव्यापारी धनराजजी यांना ती अपुरी पडली. त्यांनी पुरवणी जोडली.

आता स्थळाविषयी. मोकळी हवा वाशिम जिल्ह्यात मुबलक आहे, परंतु हवेचा फोटो येत नाही. फोटोला मागे हिरवे काहीतरी लागते. मार्च महिना, हरभरा निघून गेलेला, चहूकडे नजर टाकावी तर ढेकळे. सबंध शिवारात डोळ्यांना हिरवे म्हणावे असे एकच ठिकाण होते, ते म्हणजे उत्तमरावांच्या पत्नी प्रयागबाई यांची मेथी. साहजिकच योगवर्ग तिथे भरला.

या मेथीचे एकूण सोळा वाफे. पैकी पहिले दहा उपटून रिकामे झालेले आणि शेवटच्या सहांत कोवळी मेथी उभी. रिकामा वाफा साधारण सहा फूट लांब, तीन फूट रुंद, आतून मऊ, सपाट आणि चारी बाजूंनी वीतभर बांध. माणसाच्या मापाचा इतका बारीक विचार मी आजवर एकाही घरकुल योजनेत पाहिलेला नाही. योगशिक्षिका उज्ज्वला मॅडम यांनी (वाशिमच्या, प्रमाणपत्रे तीन, त्यांपैकी एक लॅमिनेट केलेले) दर वाफ्यात एक चटई अंथरली. ज्येष्ठांना बांध ओलांडताना त्रास नको, म्हणून पाटातले पाणी ज्या तोंडातून वाफ्यात शिरते ते प्रत्येक तोंड त्यांनी पायाने रुंद करून घेतले. त्याला त्या 'प्रवेशद्वार' म्हणत होत्या.

इथे एक प्रशासकीय अडचण निघाली. त्या शिवारात एका डीपीवर, म्हणजे विजेच्या एका रोहित्रावर, विहिरींच्या आठ मोटारी आहेत. आठही एकदम सुरू केल्या तर डीपी उडते, म्हणून शेतकऱ्यांनी आपसात पाळी लावून घेतली आहे. प्रयागबाईंची पाळी तीन दिवसांनी एकदा, एक तास. तो तास नेमका त्याच सकाळी, साडेसहा ते साडेसात असा पडला होता.

"मॅडम, मायी मेथी तीन दिसाची तहानेली हाये," प्रयागबाई म्हणाल्या. "आज पानी नाही भेटलं तं आता डायरेक शुक्रवारी. तवरीक जयून जाईन सारी."

"काकू, मला फक्त सातपर्यंत वेळ द्या," उज्ज्वला मॅडम म्हणाल्या. "पाहुणे लांबून आले आहेत."

"मेथीले कोनी पाहुनी म्हनत नाही, म्हनून तिनं मरावं का?"

बरीच बोलणी होऊन समझोता झाला. सातपर्यंत योग, सात ते साडेसात पाणी. मोटार विहिरीवर, विहीर बांधापलीकडे, आणि तिथे मोबाइलला रेंज नाही. म्हणून उत्तमरावांनी साडेसहापासून मोटारीच्या बटणाजवळ उभे राहायचे आणि वर्ग संपला की इकडून आवाज द्यायचा, असे ठरले.

"आवाज काय द्यायचा?" मॅडमनी विचारले.

"'सोडा' म्हना, बस," प्रयागबाई म्हणाल्या. "पानी सोडाचं तं दुसरं काय म्हनाव? हे तिकून बटन दाबतीन."

मॅडमनी मान डोलावली. त्यांच्या गळ्यात माइक होता आणि बांधावर स्पीकर.

वर्ग वेळेवर सुरू झाला. ताडासन म्हणजे ताठ उभे राहणे. यात दहापैकी नऊ जण उत्तीर्ण झाले (दहावे धनराजजी, ते अद्याप खाली बसण्याच्या प्रयत्नात होते, त्यामुळे त्यांना दोन्हींचे अर्धे गुण मिळाले). वृक्षासनात एका पायावर उभे राहायचे असते. सरासरी कालावधी चार सेकंद, त्यातही आधाराला शेजाऱ्याचा खांदा. मग आले मालासन. मराठीत याला उकिडवे बसणे म्हणतात, पण तसे म्हटले तर कोणी नाव नोंदवणार नाही. दहापैकी शून्य. सहा जण मागे कलंडले, तिघे मध्येच थांबले, आणि मी माझ्या डाव्या गुडघ्याचा सविस्तर इतिहास मॅडमना निवेदन केला.

शेजारच्या वाफ्यात प्रयागबाई उकिडव्या बसून मेथीतले तण काढत होत्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. टाचा जमिनीला टेकलेल्या, पाठ सुरेख, आणि तशाच बसल्या बसल्या त्या पुढे सरकतही होत्या. पुढे सरकण्याची सोय आमच्या अभ्यासक्रमात नव्हती.

"काकू, किती वेळ बसू शकता तुम्ही अशा?" मॅडमनी माइक त्यांच्यापुढे धरला.

"सकायपासून तं सांजवरी."

"आणि श्वास?"

"थो बी घेतो मंधामंधात," असे प्रयागबाई म्हणाल्या, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. प्रयागबाईंनी एकदा आमच्याकडे आणि एकदा वर चढणाऱ्या उन्हाकडे पाहिले.

सहा चाळीसला शवासन सुरू झाले. या एका आसनात दहाच्या दहा जण पहिल्या प्रयत्नात प्रावीण्यश्रेणीत आले. मॅडम स्वतःही पाटाच्या कडेला आडव्या झाल्या आणि डोळे मिटून माइकवर अत्यंत मंजुळ आवाजात बोलू लागल्या.

"डोळे मिटा. काहीही जाणवलं तरी मी सांगेपर्यंत उघडू नका. आता पायाची बोटं सैल सोडा. गुडघे सोडा. कंबर सोडा. चिंता सोडा. सगळं सोडा..."

बांधापलीकडे उत्तमराव उभे होते. पाचव्या 'सोडा'ला त्यांना वाटले, आपण उशीर केला. त्यांनी बटण दाबले.

यापुढील हकिगत मी मिटल्या डोळ्यांनी घेतलेल्या अनुभवावरून देत आहे. प्रथम टाचांपाशी गारवा जाणवला. मॅडमनी आधीच बजावले होते की शरीरातला ताण बाहेर पडताना गारवा जाणवतो, त्याला विरोध करू नये. मी विरोध केला नाही. गारवा पोटऱ्यांपर्यंत आला. पलीकडच्या वाफ्यातून धनराजजी कुजबुजले, "साहेब, मले लय जानवून राह्यलं." मला त्यांचा हेवा वाटला. मग माझी चटई किंचित तरंगली, तेव्हा मात्र माझी खात्री पटली की आपली प्रगती अपेक्षेपेक्षा वेगाने होत आहे. एकतीस वर्षे मी पाणी सोडण्याच्या फायली हाताळल्या. प्रत्यक्ष सोडलेले पाणी मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटले, आणि मी ते ओळखले नाही.

पाणी ओळखले प्रयागबाईंनी. पाटातून आलेले सगळे पाणी दहा प्रवेशद्वारांतून दहा पाहुण्यांपाशी शिरत होते आणि पुढच्या सहा वाफ्यांतल्या मेथीकडे थेंबही जात नव्हता. त्या उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "तोंडं बंद करा! अवो, तोंडं बंद करा लवकर!"

दहाही नवशिक्यांनी आपापली तोंडे घट्ट मिटली आणि नाकाने श्वास घेऊ लागले.

"तुमची नाही! वाफ्याची!"

आम्ही डोळे उघडले. उज्ज्वला मॅडम पाटात बसल्या होत्या आणि त्यांचे लॅमिनेट न केलेले मराठी आता बाहेर पडत होते. "काकू, मोटर बंद कराले सांगा ना! माया स्पीकर भिजून राह्यला! आता मले कोन बोलावन इथं?"

"बंद काहून करू?" प्रयागबाई म्हणाल्या. "पाळी मायी हाये. सहा वाफ्याचं पानी तुमच्या अंगाखाली मुरून राह्यलं. बंद केलं तं शुक्रवारवरी मेथी जगत नाही. उठा साऱ्यायनं! चिखल घ्या अन् तोंडं बुजवा!"

आम्ही ते ऐकले. का ऐकले, ते मला अजून नीट सांगता येत नाही. प्रमाणपत्र त्यांच्याकडे एकही नव्हते. पण त्या बाईच्या डोळ्यांत पाणी होते, तेही मोटारीचे नव्हे, आणि आमच्या कचेरीत मी असे डोळे खिडकीच्या पलीकडून पुष्कळ पाहिले होते. खिडकीच्या अलीकडे मला कधी काही वाटले नव्हते, ते आता वाटले. मी खाली बसलो आणि दोन्ही हातांनी चिखल ओढला.

चिखल ओढून वाफ्याचे तोंड बुजवायचे तर बसण्याची एकच रीत आहे. बघता बघता दहाही नवशिके ओळीने उकिडवे बसले. धनराजजींच्या टाचा जमिनीला टेकल्या. माझ्या डाव्या गुडघ्याने आपला इतिहास तूर्त तहकूब केला. एक तोंड बुजवले की पाणी शेजारून फुटायचे, की आम्ही बसल्या बसल्या तिकडे सरकायचो. मॅडमनी ओढणी खोचली आणि त्याही आल्या. पाणी पहिल्या वाफ्यापासून हटले, मग तिसऱ्या, मग सातव्या, आणि सात वाजून पाच मिनिटांनी मेथीत शिरले. साडेसातला मोटार बंद झाली तेव्हा शेवटच्या, सोळाव्या वाफ्यात ते कोपऱ्यापर्यंत पोचले होते. प्रयागबाई बांधावर टेकल्या आणि पदराने तोंड पुसून मोठ्याने हसल्या. मला इतका आनंद नोकरीत कायम झालो तेव्हाही झाला नव्हता.

(त्यानंतर दहापैकी एकालाही उठता येईना. उत्तमरावांनी एकेकाला हात देऊन उभे केले. याची नोंद कुठेही केलेली नाही.)

नाश्त्यानंतर अभिप्रायाचे अर्ज भरून घेतले. दहाही जणांनी उज्ज्वला मॅडमना पूर्ण गुण दिले. 'सर्वांत जास्त काय आवडले?' या रकान्यात सात जणांनी 'माती', दोघांनी 'गारवा' आणि धनराजजींनी 'पुरवणी पाहा' असे लिहिले. दुपारपर्यंत फाटकावरचा फलक बदलला होता. आता तिथे तीन दिवसांनी एकदा, बरोबर साडेसहाला 'जलयोग' भरतो आणि मधल्या दिवसांत 'तृणमुक्ती ध्यान' असते, ज्यात शहरातून आलेली माणसे मौन पाळून तण उपटतात. प्रयागबाई मधून एकदा फिरतात आणि ज्याने तणाऐवजी मेथी उपटली त्याला श्वासावर लक्ष द्यायला सांगतात. पुढच्या दोन महिन्यांची नोंदणी पूर्ण झाली आहे, असे उत्तमराव फोनवर म्हणाले. ते विहिरीवर नव्हते, म्हणून फोन लागला.

निघताना प्रयागबाईंनी निताच्या पिशवीत त्याच मेथीच्या चार जुड्या घातल्या. नागपूरला आल्यावर मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून, सातनंतर उठून आलेल्या निताने बांधावरून काढलेले फोटो दाखवले. मालासन, पाऊण तास, वय एकसष्ट. जोशांच्या सूनबाई तर थक्कच झाल्या. सगळे गेल्यावर निताने स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरले, त्यावर चारही जुड्या सोडल्या आणि मला म्हणाली, "बसा."

मी तिला शांतपणे समजावून सांगितले की इथे खाली फरशी आहे, हवा मोकळी नाही, तज्ज्ञांचे मार्गदर्शन नाही आणि त्यातून माझा डावा गुडघा. तिने सगळे ऐकून घेतले, मग एकटीच बसली आणि निवडू लागली. मी बाहेर आलो आणि निवांतपणे हा वृत्तांत लिहायला घेतला.

तुम्ही आत्ता माझ्याविषयी काय म्हणालात ते मला कळले आणि ते मला मान्यही आहे. परंतु हे इथवर वाचण्याइतका निवांतपणा तुम्हालाही मिळाला, याचा अर्थ तुमच्या घरची मेथी या क्षणी दुसरे कोणीतरी निवडत बसलेले आहे. कोण, ते एकदा मान वळवून बघा. (मान सावकाश वळवावी. श्वास रोखू नये.)